स्मृतिचित्रांतील पाच वर्षे

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्या पुष्कळ घरांतून ठाऊक आहेत. पण बहुधा विनोदासाठी. टिळकांचा विसराळूपणा, हातचे राखून न ठेवणारे दातृत्व, क्षणात भडकणारा राग यांचे किस्से लोक एकमेकांना सांगतात आणि मनमुराद हसतात. त्या हसण्यात पुस्तकाचा कणा नजरेआड होतो. तो कणा चारित्र्याचा आहे, आणि आमच्या मते तो टिळकांहून लक्ष्मीबाईंच्या ठायी अधिक स्पष्ट दिसतो.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधल्या पाच वर्षांकडे समीक्षकांनी विरहाची कथा म्हणून पाहिले. विरह आहेच, आणि तो जीवघेणा आहे. पण त्याहून मोठी गोष्ट तेथे घडते. धर्मांतरित पतीला विसरावे, अशी आप्तांच्या समाजाची रीत होती. पतीच्या पाठोपाठ त्याच्या धर्मातही जावे, ही प्रेमाची ओढ होती. या बाईने पती सोडला नाही आणि न पटलेला धर्मही पत्करला नाही. पुढे पतीकडे राहावयास आल्यावरही तिने आपले सोवळे सांभाळले. ज्या पित्याच्या घरी बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेत, त्या घरची ही लेक! तिचे सोवळे गळून पडले ते टिळकांच्या व्याख्यानाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःलाच विचारला, आणि उत्तर मिळाल्यावर मागे पाहिले नाही.

गुरुविद्यालयात हे पुस्तक प्रथम वाचले तेव्हा आम्हांस हा विलंब दुबळेपणाचा वाटला होता. श्रद्धा म्हणजे त्वरित होकार, अशी आमची तरुण समजूत. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात सांगितले, की कोणासही त्याच्या विवेकबुद्धीविरुद्ध वागण्यास भाग पाडू नये. ते आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र लक्ष्मीबाईंनी शिकविला. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, हे येथे गौण आहे.

दुसरा विशेष लेखनातील सत्यनिष्ठेचा. टिळक १९१९ साली निवर्तले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. तोवर टिळक महाराष्ट्राचे वंदनीय ख्रिस्ती कवी झाले होते. तरीही त्यांच्या संतापाने घरी काय काय सोसावे लागले, हे पत्नीने लपविले नाही. स्वतःचा हट्ट आणि भाबडेपणाही झाकला नाही. आश्चर्य असे, की इतके वाचूनही टिळकांविषयीचा आदर तसूभर कमी होत नाही. आपल्या धर्मग्रामांच्या महोत्सवी स्मरणिकांशी हे ताडून पाहावे. तेथे प्रत्येक दिवंगत धर्मगुरू शांत, प्रत्येक कॅटेकिस्ट निःस्वार्थी, प्रत्येक माता सोशिक! असे मृत्युलेख आम्हीही लिहिले आहेत, आणि त्यांतील एकही माणूस आज आम्हांस नीट आठवत नाही.

चौथा भाग मात्र आधीच्या तिन्हींच्या तोलाचा नाही. तो अपुरा वाटतो. संक्षिप्त आवृत्त्यांत तर गमती उरतात आणि ती संथ, अवघड वर्षे आटोपती होतात. राहुरी आणि नगर येथे टिळक दांपत्याचे दीर्घ वास्तव्य झाले. निदान या जिल्ह्यातील आपल्या शाळांच्या कपाटांत तरी संपूर्ण प्रत असावी. आम्ही आमच्या धर्मग्रामातील विवाहपूर्व वर्गात यंदापासून त्या पाच वर्षांची पाने वाचावयास घेतली आहेत. पहिल्याच वर्गात एका नवऱ्या मुलाने विचारले, “फादर, टिळक एवढे थांबले कसे?” त्याच्या शेजारी बसलेली त्याची वाग्दत्त वधू मात्र लक्ष्मीबाईंविषयी विचारीत होती.