चौकटीबाहेर राहिलेली मध्यरेषा

बेळगावहून खानापूर, लोंढा आणि अनमोडचा घाट या वाटेने फोंड्याकडे देवदर्शनास जाणाऱ्या आमच्या वाचकांनी मच्छे हे गाव मोटारीच्या काचेतून अनेकदा पाहिले असेल. कारखान्यांची वसाहत आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा परिसर यांमुळे त्याचे नाव आता दूरवर पोचले आहे. परंतु संध्याकाळी पाळी सुटल्यावर तेथील तरुण मैदानावर काय करतात, हे पाहण्यास वाटसरू सहसा थांबत नाही. गेल्या हिवाळ्यात या गावी झालेल्या कबड्डीच्या सामन्यांचा एक छायाचित्रसंग्रह आमच्याकडे आला. तो परीक्षणासाठी आला नव्हता, तंट्यासाठी आला होता. परीक्षण हा आम्ही पदरचा जोडलेला भाग आहे.

तंटा असा. अंतिम सामन्यात शेवटची चढाई चालू होती आणि चढाई करणारा संघ एका गुणाने मागे होता. गडी पकडला गेला. तिघे त्याच्या अंगावर पडले. तो तसाच त्यांना ओढीत मध्यरेषेकडे सरकला. त्याचा हात दम सुटण्यापूर्वी रेषेस लागला असता, तर ते तिघे बाद होते आणि करंडक दुसऱ्या घरी जात होता. पंचांनी चढाई करणाऱ्यास बाद दिले. पंचांचा निर्णय अंतिम असतो, म्हणून नियमाच्या दृष्टीने प्रकरण तेथेच निकालात निघाले. मनात मात्र ते निघाले नाही. चार दिवसांनी दोन्ही बाजूंचे पाचसहा तरुण देणगीदारांसाठी केलेला जाडजूड आल्बम घेऊन आमच्या कचेरीत आले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, आता फोटोच बघा आणि तुम्हीच सांगा."

आम्ही चित्र पाहिले. तांत्रिक दृष्टीने ते निर्दोष होते. गड्याचा चेहरा, ताठरलेल्या मानेच्या शिरा, कपाळावरची लाल माती, दातांची घट्ट मिठी, सारे काही कोरून काढल्यासारखे स्पष्ट. पण चित्र कोपरापाशी संपत होते. पुढचा हात चौकटीबाहेर, मध्यरेषा चौकटीबाहेर आणि पकडणाऱ्या तिघांपैकी एकाचे फक्त मनगट आत. आमच्या व्यवसायाच्या भाषेत बोलायचे तर साक्षीदार चांगला होता, पण घटना घडली तेव्हा तो दुसरीकडे पाहत होता. चित्रातला तरुण स्वतः तेथेच उभा होता. ओतशाळेत काम करणारा, वयाने विशीच्या आतबाहेर. तो हसून म्हणाला, "फोटोत मी झकास आलोय की साहेब, पर मी हाय कुठं तेच दिसंना."

त्याच्या या एका वाक्यात, आमच्या मते, आमच्या भागातील मैदानी छायाचित्रणाची सारी समीक्षा आली आहे. सांघिक खेळ म्हणजे कोण कोठे आहे याचा खेळ. चौदा गडी, एक रेषा, तीस सेकंदांची चढाई. एक गडी रेषेपासून किती हात दूर आहे आणि त्याच्या मागे कोण सरकत आहे, एवढ्यावर सगळे नाट्य उभे असते. ते अंतर चित्रातून काढून टाकले, की उरतो तो एक कष्टी चेहरा. असा चेहरा विहिरीतून पाणी ओढणाऱ्याचाही असू शकतो.

मग आम्ही सबंध आल्बम चाळला. निम्म्याहून अधिक चित्रे मंचावरची होती: हार, शाली, नारळ, पाहुण्यांचे भाषण, पाहुण्यांनी गड्यांचा करून घेतलेला परिचय. याबद्दल आमची फारशी तक्रार नाही. देणगी देणाऱ्यास स्वतःची छबी हवी असते आणि पुढल्या वर्षीची मॅट त्याच छबीतून येते. तक्रार आहे ती उरलेल्या चित्रांविषयी. त्यांत एकाच प्रकारचे चेहरे पुनःपुन्हा येतात, आणि ज्यात मध्यरेषा व निदानरेषा दोन्ही दिसतात असे चित्र शोधावे लागते. छायाचित्रकाराने लांब पल्ल्याची महागडी लेन्स आणली होती आणि ती आणल्यामुळेच तो फसला, असे आम्हांस वाटते. कबड्डीचे पुरुषांचे मैदान अवघे १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. त्याच्या कडेला बसून दोनशे-तीनशे मिलिमीटरच्या लेन्सने पाहणे म्हणजे ताटातली भाकरी दुर्बिणीने पाहणे होय. फुटबॉलच्या शंभर मीटर मैदानावर, म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये, तीच लेन्स शोभेल; तेथे दूरचा गोलरक्षक जवळ आणावाच लागतो.

छायाचित्रकाराची बाजूही आम्ही ऐकून घेतली. तो म्हणाला, "मी एका सेकंदाला दहा फोटो काढतो, काही सुटेल कसे?" हा भ्रम फार पसरलेला आहे, म्हणून त्याचा हिशेब येथे मांडतो. धावता गडी स्थिर दिसावा यासाठी शटर साधारणपणे १/१००० सेकंद उघडावे लागते. दहा चित्रांसाठी ते एकूण १०/१००० सेकंद, म्हणजे एका सेकंदाचा केवळ शंभरावा भाग, उघडे राहिले. उरलेले नव्व्याण्णव भाग कॅमेऱ्याने डोळे मिटलेले असतात. चित्रे वीस काढली, तरी पन्नासात एक. नेमका हात रेषेस टेकण्याचा क्षण त्या मिटलेल्या भागात गेला, तर त्यात नवल कसले? बटण दाबून ठेवणे हा क्षण हेरण्याचा पर्याय होऊ शकत नाही.

शटरच्या वेगाचाही असाच विचार करावा लागतो. सेकंदास आठ मीटर धावणारा गडी १/१२५ सेकंदात सुमारे साडेसहा सेंटिमीटर पुढे जातो आणि चित्रात त्याचे पाऊल पुसट होते. १/१००० सेकंदात तो आठच मिलिमीटर सरकतो. परंतु तोच गडी आपल्या समोरून आडवा न जाता सरळ आपल्याकडे धावत आला, तर पुसटपणा पुष्कळच कमी होतो. म्हणजे कोठे बसावे हा प्रश्न वेगाच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. कबड्डीत अंतिम रेषेमागे, एका कोपऱ्याकडे बसावे. चढाई करणारा तोंड करून येतो, पकड करणाऱ्यांच्या पाठी कमानीसारख्या त्याच्याभोवती दिसतात आणि मध्यरेषा मागे आडवी राहते. बाजूने बसायचे तर पंचांच्या दृष्टीआड न येता मध्यरेषेच्या टोकापासून थोडे हटून बसावे. तेथून रेषा आणि हात दोन्ही सापडतात, मात्र शटर अधिक वेगवान ठेवावे लागते. कोठेही बसा, पण गुडघ्यावर बसा. उभ्याने घेतलेल्या चित्रात गड्यांची डोकी आणि त्यांच्यामागे ओळीने लावलेल्या मोटारसायकली येतात. गुडघ्यावरून घेतलेल्या चित्रात माणसे माणसांएवढी दिसतात.

येथे एका मराठी माणसाची आठवण होणे अपरिहार्य आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सावेदादा म्हणत, ते मुंबईत छायाचित्रांचा व्यवसाय करीत. १८९९ साली त्यांनी विलायतेहून मागविलेल्या कॅमेऱ्याने हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने घेतलेल्या पहिल्यावहिल्या चलच्चित्रांत तिची गणना होते. हलत्या चित्राचे यंत्र हाती येताच आपल्या माणसाला प्रथम काय टिपावेसे वाटले, तर मोकळ्या आभाळाखालची झुंज! ती फीत आज पाहावयास मिळत नाही. कुणी कोणता डाव टाकला हे आता कोणी सांगू शकणार नाही. तथापि कुस्तीत एक सोय असते. दोन्ही देह एकमेकांना बिलगलेले असतात, म्हणून एका चौकटीत मावतात. सांघिक खेळात छायाचित्रकारास निवड करावी लागते, आणि आपली वृत्ती नेमकी चुकीच्या बाजूने निवडते.

निवड कशी करावी याचा नमुना म्हणून आम्ही त्या तरुणांना एक परदेशी चित्र दाखविले. १४ डिसेंबर १९६० रोजी ब्रिस्बेन येथे ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटी सामना बरोबरीत सुटला. कसोटी क्रिकेटच्या इतिहासात असे प्रथमच घडले. शेवटचा गडी मेकिफ धावबाद झाला, तो जो सॉलोमनच्या थेट फेकीने. 'द एज' या मेलबर्नच्या दैनिकाचे रॉन लोव्हिट यांनी तो क्षण टिपला. हे चित्र गाजले ते मेकिफच्या चेहऱ्यासाठी नव्हे. मोडलेली यष्टी, क्रीजपर्यंत न पोचलेला फलंदाज, हात उंचावून उडालेले क्षेत्ररक्षक, हे सर्व एकाच चौकटीत आहे आणि प्रत्येकाचे दुसऱ्यापासूनचे अंतर कायम आहे. क्रिकेट न जाणणाऱ्या माणसालाही कळते की येथे काहीतरी संपले. त्या काळी सेकंदाला दहा चित्रे घेणारे यंत्र छायाचित्रकारांच्या हाती सर्रास नसे, हे मुद्दाम सांगावयास नको.

खोखोचीही हीच गत आहे. त्याचे चित्र म्हटले की खांबापाशी सूर मारलेला गडी, हे आता जवळजवळ ठरून गेले आहे. सूर प्रेक्षणीय असतो हे खरे. परंतु खोखोचे मर्म सुरात नसून 'खो'त आहे. पाठलाग करणाऱ्यास मागे फिरता येत नाही. तो बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप देतो आणि अर्ध्या क्षणात धावणारा पाय बदलतो. थाप देणारा तळवा, उठू लागलेला गुडघा आणि ते ओळखून आधीच दिशा बदललेली पळणाऱ्याची नजर, या तीन गोष्टी एका चौकटीत आणलेले चित्र आम्ही फार क्वचित पाहिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खोखो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवून अजिंक्यपद मिळविले. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राकडे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आमच्या पाहण्यात आलेली बहुतेक चित्रे करंडक उंचावतानाची होती. विजय कशामुळे मिळाला ते त्यांवरून कळत नाही.

उजेडाविषयी थोडेसेच. आमच्याकडची तांबडी माती ही छायाचित्रकाराची मैत्रीण आहे. चार-साडेचारच्या उन्हात ती खालून उजेड परतवते आणि चेहऱ्यांवरची काळोखी कमी करते. मात्र मावळत्या सूर्यासमोर उडणाऱ्या धुळीचा मोह आवरावा. त्या मोहाने या आल्बमात पाच चित्रे नुसत्या धुळीची झाली आहेत. दिवे लागल्यावर प्रश्न वेगळा होतो. विजेच्या अनेक दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्यास ते जाणवत नाही, पण १/१००० सेकंदाच्या चित्रास जाणवते. म्हणून लागोपाठच्या दोन चित्रांत एक उजळ आणि एक मळकट येते. अशा वेळी आय.एस.ओ. वाढवावा, लेन्सचे तोंड पूर्ण उघडे ठेवावे आणि थोडी कणी पत्करावी. फ्लॅश मात्र मारू नये. चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांवर लखलखाट पाडून त्याचे चित्र घेणे हा आमच्या मते गुन्हाच आहे, कलम कोणतेही लागो.

येथे कोणी म्हणेल, की वकिलाला प्रत्येक चित्रात पुरावाच दिसतो. चेहऱ्यावरचा आवेश हीसुद्धा कला नव्हे काय? आहे. एखाद्या चेहऱ्याचे चित्र सबंध सामन्याहून अधिक बोलू शकते. परंतु शंभर चित्रांत शंभर चेहरे आले, तर ती निवड राहत नाही, सवय होते. आणि हीच माणसे दुसरीकडे किती नेमके टिपतात! याच छायाचित्रकाराने काढलेली गावच्या पालखीची चित्रे आम्ही पाहिली आहेत. पालखी देवळाला वळसा घेताना कोणत्या कोपऱ्यावर क्षणभर थांबते, खांदा केव्हा बदलला जातो, आरतीचा उजेड कोणाच्या तोंडावर पडतो, हे तो लहानपणापासून पाहत आला आहे. तेथे त्याचा कॅमेरा घटनेच्या आधी वर होतो. कबड्डीच्या मैदानावर तोच कॅमेरा आरडाओरडा ऐकून वर होतो, आणि तोपर्यंत पकड होऊन गेलेली असते. खेळाचे ज्ञान ही काही लेन्सबरोबर पेटीत मिळणारी वस्तू नव्हे.

आल्बमाच्या शेवटच्या पानांत मात्र एक लहान चित्र होते, मोबाईलवर घेतलेले, काहीसे वाकडे. चढाई करणारा निदानरेषा ओलांडून उजवीकडे झुकला आहे. तिकडच्या कोपऱ्यावरच्या गड्याने मुद्दाम एक पाय पुढे टाकून आमिष दाखविले आहे. आणि डाव्या बाजूची जोडी, हातात हात, हळूच त्याच्या परतीच्या वाटेवर आली आहे. चढाई करणाऱ्याला हे अजून ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे. मागे मध्यरेषा स्वच्छ पांढरी, तीन-चार मीटरांवर. त्या गड्यास ती आता किती लांब पडणार आहे हे पाहूनच छाती धडधडते. फोकस किंचित हुकला आहे, एका बाजूस पाण्याची बादली आली आहे. तरीही सबंध संग्रहातले हे सर्वोत्तम चित्र, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे.

ते कोणी काढले, अशी आम्ही चौकशी केली. जिंकलेल्या संघाचा राखीव गडी पुढे झाला. क्षण कसा साधला असे विचारता म्हणाला, "डावी जोडी सरकली की पुढं काय हुतंय ते आमाला ठावं असतंय की साहेब. रोजचंच हाय." मग आम्हांस आशा वाटली आणि आम्ही विचारले, की शेवटच्या चढाईचे असे एखादे चित्र त्याच्यापाशी आहे काय. दोन्ही संघांचे तरुण एकदम त्याच्याकडे पाहू लागले. तो ओशाळला. "न्हाई साहेब. तवा फोन खिशात घालून मी बी वरडत हुतो."