निवेदनातून गळलेली नावे

सी. रामचंद्र यांच्यावर मराठीत लिहिताना आपण बहुधा दोन वाटा धरतो. एक लताबाईंच्या आवाजातल्या हळव्या चालींची, दुसरी ‘उचललेल्या’ पाश्चात्त्य चालींच्या हिशेबाची. दोन्हींत ठेक्याचा विचार क्वचितच होतो. बीड जिल्ह्यात रेडिओवर कान तयार झालेल्या माझ्यासारख्यांना मात्र क्यूबा आणि ब्राझील भेटले ते ठेक्यातून, आणि तेही नाव न सांगता.

‘समाधी’ (1950) मधले ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ घ्या. चित्रपटाला पार्श्वभूमी आझाद हिंद सेनेची. गाण्याचा मुखडा मात्र ‘चिको चिको’ या गाण्यावरून आलेला. ते जिमी मॅकह्यू आणि हॅरोल्ड अॅडमसन यांनी ‘डॉल फेस’ या हॉलिवूडपटासाठी रचले. त्यातला चिको पोर्टो रिकोचा. पडद्यावर गाणारी कार्मेन मिरांडा पोर्तुगालमध्ये जन्मलेली, ब्राझीलमध्ये वाढलेली. लंडनमध्ये ते वाजवणारा एडमंडो रॉस त्रिनिदादचा. ‘मूळ’ म्हणून बोट दाखवावे, तर तेच बारा गावचे पाणी प्यालेले. गोवा आणि ब्राझील दोन्ही पोर्तुगीजांच्या अमलाखाली होते, म्हणून हा सूर गोव्यामार्गे आला असे म्हणण्याचा मोह होतो. या गाण्याची वाट मात्र हॉलिवूडची आहे.

आपल्याकडे त्याचे काय झाले? लताबाई आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्यात ते वाटले गेले. एकीची हाक, दुसरीचे उत्तर. सवाल-जवाबाला सरावलेल्या कानाला यात परके काही नव्हते. ठेक्याचेही तसेच. केहरव्याच्या आठ मात्रा आपण चार-चार अशा मोजतो. क्यूबाकडच्या अनेक ठेक्यांत त्याच आठांवर वजन तीन-तीन-दोन असे पडते. आवर्तन ओळखीचे, आघात अनोळखी. पाय अडखळत नाही, पण कान टवकारतात. ‘नक्कल’ या एका शब्दात हे बसत नाही.

हे काम चितळकरांनी एकट्याने केले नाही. ‘अलबेला’ (1951) मध्ये आपला बँड घेऊन पडद्यावर दिसणारा चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचा ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, हा त्यांचा सहायक होता. बोंगो, कोंगा ही वाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजवण्यात कावस लॉर्ड या पारशी तालवादकाचा मोठा वाटा. चितळकर पुणतांब्याचे. गोवा, मुंबई आणि नगर जिल्हा अशा तीन ठिकाणच्या माणसांनी मिळून हा आवाज घडवला.

तो आमच्याकडे पोचला कसा, हेही पाहावे लागते. 1952 मध्ये नभोवाणी खाते डॉ. बा. वि. केसकरांकडे आले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. बीड तेव्हा हैदराबाद राज्यात होते. ती पोकळी रेडिओ सिलोनने भरली. ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षी सुरू झाली. विविध भारती आली 1957 च्या ऑक्टोबरात. एका मराठी मंत्र्याने दार लावले आणि एका मराठी संगीतकाराचा रुंबा समुद्रापलीकडून घरात आला. शॉर्टवेव्हवर आवाजाचा पट्टा अरुंद. माराकासची सळसळ आणि खालचा बास विरून जाई, मधला बोंगो आणि गळा उरे. आम्ही ऐकले ते असे चाळून आलेले लॅटिन संगीत.

माझा आक्षेप इथे आहे. निवेदनात चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी चार नावे येत. वाद्यमेळ बांधणाऱ्याचे आणि ठेका धरणाऱ्याचे नाव येत नसे. मॅकह्यू-अॅडमसनचे तर नाहीच. आमच्या समीक्षेने हीच चार नावांची चौकट उचलली. म्हणून चोरीचा आरोप झाला तो एका माणसावर, आणि कौतुक झाले तेही त्याच एका माणसाचे. ऋण मान्य न करता घेतलेला मुखडा ही चूकच. तिच्यावर पांघरूण घालू नये. पण ज्या कानाने मॅकह्यूचे नाव वगळले, त्याच कानाने वाझ आणि लॉर्डही वगळले, हे लक्षात घेतल्याशिवाय तो हिशेब पुरा होत नाही.

आकाशवाणीवर ही गाणी आजही लागतात. ‘शोला जो भडके’ लावण्याआधी चिक चॉकलेटचे नाव घ्यायला चार सेकंद पुरतात. तेवढे झाले, तर अंबाजोगाई-परळीकडच्या बँडपथकात तो ठेका वाजवणाऱ्या पोरालाही कळेल, की आपल्या हातात आले ते कोणाच्या हातून आले.