निमंत्रण आणि प्रसार : लघुपटाच्या प्रसिद्धीतील पोस्टकार्ड व समाजमाध्यम
(ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात)

१

ग्रंथ, नाटक व चित्रपट यांच्या जाहिरातीकडे मराठी समीक्षेने बहुधा व्यवहाराची बाब म्हणूनच पाहिले आहे. कलाकृतीची मीमांसा समीक्षकाने करावी आणि तिची प्रसिद्धी व्यवस्थापकाने, अशी ही रूढ विभागणी आहे. पूर्ण लांबीच्या चित्रपटाच्या बाबतीत ती एक वेळ चालून जाते. कारण चित्रपटगृह, तिकीटखिडकी, प्रदर्शनाचा शुक्रवार आणि वृत्तपत्रांतील परीक्षण ही सारी यंत्रणा त्याच्यासाठी आधीच उभी असते. लघुपटापाशी यांपैकी काहीही नसते. त्याला ठरलेले गृह नाही, ठरलेला वार नाही आणि त्याच्याविषयी लिहिणे हे आपले काम आहे असे मानणारा परीक्षकही क्वचितच असतो. यास्तव लघुपटाची प्रसिद्धी केवळ वार्ता देऊन थांबत नाही. तो कोठे, केव्हा, कोणाच्या सोबतीने आणि किती लक्ष देऊन पाहावयाचा, हेही तीच ठरविते. या अर्थाने ती रसग्रहणाच्या कक्षेत येते आणि समीक्षेने तिचा विचार करणे प्राप्त होते.

आज लघुपटकर्त्याच्या हाती या कामासाठी मुख्यतः दोन साधने आहेत : एक फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, यूट्यूब आदी समाजमाध्यमे आणि दुसरे छापील पोस्टकार्ड. सामान्य समज असा, की खरे काम समाजमाध्यम करते आणि कार्ड ही जुन्या काळाची हौस होय. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. ही दोन साधने एकाच कार्याची मोठी व लहान रूपे नसून ती दोन भिन्न कार्ये आहेत. कार्ड निमंत्रण देते. समाजमाध्यम प्रसार करते. एकाकडून दुसऱ्याच्या कामाची अपेक्षा केली की हानी होते ती लघुपटाची.

२

लघुपटाला प्रेक्षक कसा मिळाला, याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास ‘अंकुराची वाढ’ हा अत्यंत छोटा पट तयार केला. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी दिवसांमागून दिवस टिपली आणि ती काही क्षणांत पडद्यावर दाखविली. हा पट तिकीट लावून दाखविण्यासाठी नव्हताच. भांडवल देऊ शकणाऱ्या मोजक्या व्यक्तींना बोलावून तो त्यांच्यासमोर ठेवावयाचा होता. मराठी माणसाने केलेला हा आरंभीचा लघुपट असा निमंत्रितांसाठी जन्मला आणि त्याने आपले कार्य निमंत्रितांपुढेच पार पाडले.

‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी प्रश्न निराळा होता. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात तो लोकांपुढे आला. रात्रभर चालणाऱ्या नाटकांची सवय असलेल्या प्रेक्षकाला सुमारे तासाभराचा हा खेळ तोकडा वाटणे साहजिक होते. फाळक्यांच्या जाहिरातीने या तोकडेपणावरच उपाय काढला. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ आणि दोन मैल लांबीचे चित्र, अशी तिची भाषा होती. पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात सोळा चित्रे बसतात. त्या हिशेबाने सत्तावन्न हजार चित्रांची फीत सुमारे ३,५६० फूट, म्हणजे पाऊण मैलाहूनही कमी भरते. चित्रांची संख्या फितीशी जुळणारी होती. मैलांचा आकडा मात्र अतिशयोक्तीचा होता. तथापि या अतिशयोक्तीतच जाहिरातीचे मर्म आहे. अल्प काळात पाहावयाची वस्तू अल्पमोल नाही, हे प्रेक्षकाला पटविण्याचा तो प्रयत्न होता. लघुपटाच्या प्रत्येक जाहिरातीपुढे आजही हाच प्रश्न उभा असतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि लघुपटाला प्रेक्षक मिळविण्याचा एक तिसराच मार्ग रूढ झाला. परवान्याच्या अटींनुसार चित्रपटगृहांना मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त अनुबोधपट वा वार्तापट दाखवावा लागे. त्यामुळे पुढील कित्येक दशके छोट्या पटांना जाहिरातीवाचून प्रचंड प्रेक्षकवर्ग लाभला. परंतु तो प्रेक्षक दुसरेच काही पाहण्यासाठी आलेला असे. मुख्य चित्रपट सुरू होईपर्यंत बाहेर रेंगाळण्याची सवय याच व्यवस्थेने लावली. सक्तीने गर्दी मिळाली, पण उत्सुकता मिळाली नाही. आज ती सक्तीही उरलेली नाही आणि २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले आहे. लघुपट पुन्हा निमंत्रणाच्या अवस्थेत आला आहे, असे म्हणावे लागते.

३

निमंत्रणाचे साधन म्हणून पोस्टकार्डाची योग्यता कशात आहे? भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले, आणि त्याने मराठी घरांत कागदाची एक स्वतंत्र चिन्हभाषा निर्माण केली. कार्डाचा कोपरा फाडलेला असेल, तर वाचण्यापूर्वीच दुःखाची वार्ता कळे. हळदकुंकवाचे बोट लागलेले असेल, तर मंगल कार्य समजे. मजकुराआधी वस्तूच बोले. शिवाय कार्ड उघडे असते. ते पोस्टमनच्या हातून जाते, इमारतीच्या तळमजल्यावरील पेटीत पडते, घरातील जो कोणी प्रथम खाली उतरेल तो ते वर आणतो आणि नाव एकाचे असले तरी वाचतात सर्व. भ्रमणध्वनीवरील संदेश व्यक्तीला येतो. कार्ड घराला येते. एकत्र बसून पाहावयाच्या कलाप्रकारासाठी हा भेद क्षुल्लक नाही.

टपाल खात्याच्या दरपत्रकानेही या संदर्भात एक अर्थपूर्ण विवेक केलेला आढळतो. हस्तलिखित मजकुराचे साधे कार्ड दीर्घकाळ ५० पैशांना मिळत राहिले, तर छापील मजकुराच्या कार्डासाठी सहा रुपयांचा वेगळा दर ठेवण्यात आला. २००२ मध्ये आलेले ‘मेघदूत’ कार्ड याहून स्वस्त, २५ पैशांचे होते. त्याच्या पत्त्याच्या बाजूवर जाहिरात छापलेली असे आणि दुसरी बाजू लिहिणाऱ्यासाठी मोकळी राही. पत्र कोणते आणि जाहिरात कोणती, हे खात्याने अशा रीतीने पैशांत मोजून दाखविले. लघुपटकर्त्याने यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. संपूर्ण छापलेले, चकचकीत चित्राचे आणि नामावलीने भरलेले कार्ड हे लहान आकाराचे भित्तिपत्रकच होय. ते कार्डाचा आकार घेते, गुण घेत नाही. ज्या कार्डावर एक चित्र, लघुपटाचे नाव, कालावधी, दिनांक, वेळ व स्थळ एवढेच छापलेले असून उरलेली जागा दोन हस्तलिखित ओळींसाठी राखलेली आहे, तेच पत्राच्या जातीचे असते.

दिनांक, वेळ व स्थळ या तीन गोष्टींचे महत्त्व या परिसरातील वाचकाला निराळे सांगावयास नको. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर यांच्या प्रयोगांची वृत्तपत्रांतील छोटी जाहिरात वाचून बेत ठरविणारा प्रेक्षक येथे आहे. त्या जाहिरातीत स्तुती थोडी आणि माहिती नेमकी असते. १८५३ मध्ये ठाण्यास व १८५४ मध्ये कल्याणास आगगाडी पोहोचली तेव्हापासून येथील जीवन वेळापत्रकाशी जखडलेले आहे. ज्याचा दिवस गाडीच्या मिनिटांवर चालतो, तो नोकरदार ‘अवश्य पाहा’ या विनंतीला दाद देत नाही; ‘रविवारी सायंकाळी साडेसहा वाजता’ या शब्दांना देतो. स्थानकाच्या नावातील ही शक्ती मोठ्या चित्रपटानेही ओळखली होती. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’चे (२००५) शीर्षकच गाडीच्या फलकावरून उचललेले आहे. त्यांनीच केलेल्या तमिळ आवृत्तीला मात्र ‘कोणी एक’ अशा अर्थाचे ‘एवनो ओरुवन’ हे नाव घ्यावे लागले. ठिकाण सुटताच नायकही अनाम झाला.

४

समाजमाध्यमाचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. २०१६ नंतर आंतरजाल स्वस्त झाले आणि ठाणे-डोंबिवलीच्या वीस-पंचवीस मिनिटांच्या गाडीप्रवासात एक संपूर्ण लघुपट पाहणे शक्य झाले. लांबीच्या दृष्टीने प्रवास आणि लघुपट यांचे असे जुळणे आकर्षक वाटते. परंतु पाहिले जाणे आणि ग्रहण होणे यांत अंतर आहे. उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’चे (२००४) उदाहरण घ्यावे. घरात आलेल्या पिठाच्या गिरणीचा आवाज एका मुलाच्या साऱ्या जगण्यावर कसा पसरत जातो, हा त्या लघुपटाचा विषय आहे. त्यात ध्वनी हा अलंकार नसून आशयच होय. समाजमाध्यमांच्या प्रवाहात मात्र चित्रफिती पुष्कळदा आवाज बंद असतानाच आपोआप सुरू होतात. अशा रीतीने पाहिलेल्या ‘गिरणी’च्या तुकड्याने प्रेक्षकसंख्येत एकाची भर पडेल, पण त्या प्रेक्षकाने ‘गिरणी’ पाहिली असे म्हणता येणार नाही.

पूर्वझलकेचा प्रश्नही असाच आहे. दोन तासांच्या चित्रपटाची दोन मिनिटांची झलक त्याचा साठावा भाग असते. बारा मिनिटांच्या लघुपटाची एका मिनिटाची झलक बारावा भाग होते. पाचपट अधिक उघड केल्यानंतर प्रेक्षकाने यावे कशासाठी? जुन्या बोलपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका कथासार ऐन वळणावर थांबवीत आणि पुढील भाग पडद्यावर पाहण्यास सांगत. राखून ठेवण्याचा तो संयम लघुपटाला पूर्ण लांबीच्या चित्रपटाहून अधिक आवश्यक आहे. या दृष्टीने झलकेपेक्षा कार्डावरील एक स्थिर चित्र बरे. ते कुतूहल जागवते, पण त्यातील काही खर्च करीत नाही.

तर मग समाजमाध्यमाचे स्वतःचे क्षेत्र कोणते? ते आहे पाहून झाल्यानंतरचे. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये पुढे धाडलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी धाडण्याची मर्यादा घातली. त्यामागील कारणे अफवांच्या प्रसाराशी संबंधित होती. परंतु त्यामुळे एक वाङ्मयीन सत्यही उघड झाले. पुढे ढकललेला शब्द आणि स्वतःचा शब्द यांत फरक असतो व वाचक तो ओळखतो. प्रदर्शनापूर्वी निर्मात्याने धाडलेली शंभर आवाहने पुढे ढकललेला शब्द ठरतात. प्रदर्शनानंतर एखाद्या प्रेक्षकाने आपल्या गटात लिहिलेल्या चार ओळी हा स्वतःचा शब्द होय. पूर्वी नाटक संपल्यावर परतीच्या गाडीत जे बोलले जाई, त्याचेच हे रूप आहे. आधी कार्ड आणि मागाहून समाजमाध्यम, हा क्रम साधनांच्या स्वभावातूनच निघतो.

५

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो टाळता येणार नाही. कार्ड ज्यांचा पत्ता ठाऊक आहे त्यांनाच जाते. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहर आणि कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्र यांची लोकसंख्या मिळून तीस लाखांहून अधिक होती. लघुपटकर्त्याच्या वहीतील पत्ते फार तर काही शे. हे पत्ते कोणाचे? बहुधा ग्रंथालयाच्या सभासदांचे, व्याख्यानमालांच्या श्रोत्यांचे आणि आप्तमित्रांचे. चाळीत पोटभाडेकरू म्हणून राहणारा, वर्षावर्षाला खोली बदलणारा कामगार त्यांत नसतो. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’त (२०१०) शाळेबाहेर राहिलेला एक मुलगा केंद्रस्थानी आहे. अशा लघुपटाचे निमंत्रण जर केवळ शाळा-महाविद्यालये पाहिलेल्यांच्याच घरी जाणार असेल, तर निमंत्रणाची सभ्यता ही वगळण्याची सभ्यता ठरते. समाजमाध्यमाला हा दोष तितका लागत नाही. ते अनोळखी माणसापर्यंत जाऊ शकते.

आक्षेप खरा आहे. परंतु त्याने दोष लागतो तो पत्त्यांच्या यादीला, कार्डाला नव्हे. कार्ड टपालानेच गेले पाहिजे असे नाही. ते वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीवर ठेवता येते, रात्रशाळेत देता येते, स्थानकाबाहेरच्या पुलाखाली हातात देता येते. दिनांक व स्थळ यांसह ते हाती पडले की अनोळखी माणूसही निमंत्रित होतो. उलट समाजमाध्यमाची मुक्तताही वाटते तितकी निर्वेध नाही. कोणाला काय दाखवावयाचे याचा निर्णय तेथे गणिती यंत्रणा मागील आवडींवरून करते, म्हणजे तीही एक यादीच बाळगते. फरक एवढाच, की वहीतील यादी लघुपटकर्ता स्वतः वाढवू शकतो.

‘पिस्तुल्या’नंतर ‘फँड्री’ आला आणि अनेकांनी लघुपट ही पुढील चित्रपटाची पायरी मानली. या समजुतीचा परिणाम प्रसिद्धीवरही झाला असून लघुपटाची जाहिरात पुष्कळदा दिग्दर्शकाच्या नोकरीच्या अर्जासारखी वाचावी लागते. ‘सैराट’च्या (२०१६) अभूतपूर्व यशानंतर मंजुळे ‘पावसाचा निबंध’ या लघुपटाकडे वळले आणि त्यासाठी त्यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही घटना त्या समजुतीला पुरेसे उत्तर आहे. लघुपट हा स्वतंत्र प्रकार असेल, तर त्याचे निमंत्रणही त्याच्याचसाठी असले पाहिजे.

६

अखेरीस अभ्यासकाच्या दृष्टीने एक मुद्दा उरतो. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, गुगल प्लस २०१९ मध्ये. टिकटॉकवर भारतात २०२० मध्ये बंदी आली. त्यांच्यावरील प्रसिद्धीचा फार मोठा भाग त्यांच्यासह गेला. ज्या लघुपटाचे तिकीट निघाले नाही आणि ज्याचे परीक्षण छापून आले नाही, तो अमुक दिवशी अमुक ठिकाणी अमुक लोकांसमोर दाखविला गेला याचा पुरावा पुष्कळदा ते छापील कार्ड एवढाच राहतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात भित्तिपत्रके व गाण्यांच्या पुस्तिका जपलेल्या आहेत. लघुपटांच्या कार्डांनाही त्यांच्या शेजारी जागा मिळावयास हवी. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. या संस्थांच्या आश्रयाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील अशी कार्डे, त्यांवरील हस्ताक्षरासह व दिनांकवार, गोळा करून ठेवली, तर पुढे मराठी लघुपटाचा इतिहास लिहिणाऱ्यास केवळ पुरस्कारांच्या याद्यांवर विसंबून राहावे लागणार नाही.