पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आजवर आपण घरदार नसलेल्या माणसाविषयी वापरीत आलो. आता तिचा अर्थ पालटू लागला आहे. बिछाना, चूल आणि न्हाणी एका मोटारीत बसवून सहकुटुंब हिंडणे ही युरोपात सुखवस्तू लोकांची हौस झाली असून, महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठी धोरण मंजूर केले आहे. तेव्हा ग्रीसच्या एखाद्या बंदरात अशा घरातून केलेल्या मुक्कामाचे वर्णन उद्या एखाद्या दिवाळी अंकातून आपल्यापुढे आले, तर नवल वाटावयास नको. ते कसे उतरेल, याचा विचार आधीच केलेला बरा. कारण आपल्या प्रवासवर्णनाचे एक जुने दुखणे या सोयीने बरे तरी होईल, नाहीतर अधिक चिघळेल.

ते दुखणे असे की, आपला लेखक प्रवास लिहितो, मुक्काम लिहीत नाही. नाफ्प्लिओ हे गाव घ्या. व्हेनिसकरांनी १७११ ते १७१४ या काळात बांधलेला पालामिदीचा किल्ला, १८३४ पर्यंत या गावाला लाभलेला स्वतंत्र ग्रीसच्या राजधानीचा मान, १८३१ साली तेथील चर्चच्या दाराशी झालेला कापोदिस्त्रियासचा खून, एवढे तो न चुकता सांगेल. मग निळे पाणी, पांढऱ्या भिंती आणि एक सूर्यास्त. परंतु हे सारे गाव न पाहताही लिहिता येते. तेथे पाणी कोठे भरले, मासळीचा भाव कोणी सांगितला, किनाऱ्यावर वाटेल तेथे तळ ठोकण्यास त्या देशात कायद्याची मनाई असल्याने मोटार कोणी हलवावयास लावली, हे मात्र राहिल्यावाचून कळत नाही.

गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आजही ताजा वाटतो तो याच कारणाने. १८५७ साली ते वरसईहून निघाले ते दक्षिणेच्या आशेने. देखावे पाहण्यास नव्हे. त्यांचे चालणे आपल्या फारसे ध्यानात राहत नाही. झाशीचा मुक्काम राहतो. राणीचा दिनक्रम, दानधर्माचा तपशील आणि वेढ्यात सापडलेल्या शहराचे हाल त्यांनी तेथे राहणाऱ्याच्या नजरेने टिपले आहेत. अलीकडच्या काळात मीना प्रभु यांनी एकेका देशाला एकेक ग्रंथ वाहण्याचा परिपाठ घातला. त्यांतील ‘ग्रीकांजली’ तर ग्रीसचीच. सात दिवसांत सात राजधान्या उरकणाऱ्या लिखाणापुढे हा ऐसपैसपणा मला केव्हाही अधिक मोलाचा वाटतो.

मग फिरत्या घराने मुक्काम साधेल काय? येथे मला शंका येते. ग्रीक भाषेत परका आणि पाहुणा यांना ‘क्सेनोस’ हा एकच शब्द आहे. होमरचा ओडिसियस किनाऱ्याला लागतो तेव्हा त्याला कपडे धुवावयास आलेल्या राजकन्येकडे अन्नवस्त्र मागावे लागते. आणि त्या मागण्यातूनच पुढची सारी कथा निघते. पोळपाट-लाटणे आणि लोणच्याची बरणी बरोबर नेणाऱ्याला कोणाकडे काही मागावेच लागत नाही. तो परका असतो खरा, पण पाहुणा होण्याची गरजच त्याला उरत नाही. खिडकी तेवढी समुद्राकडे उघडते. आत मात्र गिरगावच असते!

या उणिवेची पारख परदेशात होत नाही. आपली वस्ती कोणी पाहुण्याने वर्णिली म्हणजे होते. गिरगावातील खोताची वाडी पाहा. बाहेरून काढलेले जिने, लाकडी सज्जे, रंगीत कठडे, वाटेवरचा क्रूस पाहून पाहुणा तिला ‘छोटे पोर्तुगाल’ म्हणून मोकळा होतो. वाडीचे नाव दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थावरून पडले, आणि येथे घरे बांधणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींची घरची बोली मराठीचीच एक तऱ्हा आहे, हे त्याच्या चित्रात येत नाही. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ च्या सुमारास, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, मुद्दाम धारण केले ते बाहेरून आलेल्या गोवेकरांहून आपले वेगळेपण दिसावे म्हणून. ज्यांनी हे वेगळेपण असे जपले, त्यांच्याच दारात उभे राहून त्यांना पोर्तुगीज ठरविणे याला वर्णन कसे म्हणावे? इकडे जुनी घरे एकामागून एक पडत आहेत आणि छायाचित्रे वाढत आहेत.

नाफ्प्लिओच्या धक्क्यावरील म्हातारा कोळी आपल्या भावी लेखकाचे वर्णन वाचू शकला, तर त्याला त्यात आपले गाव सापडेल काय? मला वाटते, लेखकाने निदान एक दिवस चूल बंद ठेवून बाहेर पडावे. वाडीत तर ही अडचण आपोआपच सुटते. तिच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की, घर रस्त्यावर सोडून पायीच आत शिरावे लागते.