छेदाकडे बघा: एसीएलनंतरचे '९० टक्के'

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात वजनच झिजलेलं असेल तर काटा बरोबर दिसतो, पण माल कमी भरतो. गुडघ्याच्या एसीएल ऑपरेशननंतरही असंच होतं. ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्के भरली, की खेळायला हरकत नाही असं धरतात. पण सहा महिने खेळ बंद असला, की चांगला पायही कमजोर होतो!

वेलसँट आणि सहकाऱ्यांचा २०१७चा पेपर इथेच बोट ठेवतो. ७० खेळाडू. सहा महिन्यांनी मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आणि एका पायावरच्या उड्या, सगळ्यांत ९० टक्के गाठणारे ४०. तुलना ऑपरेशनआधीच्या चांगल्या पायाशी केली, तर फक्त २०. पुढे ११ जणांचं एसीएल पुन्हा फाटलं. जुन्या मापाने त्यातले ३ आधी नापास ठरले होते, नव्याने ९.

भारी वाटतं ना? थांबा, गणित करा. नव्या मापाने नापास ५०. त्यातल्या ४१ जणांना पुन्हा इजा झालीच नाही. शिवाय ११ हा आकडा फार लहान. म्हणजे नवं माप धोका जास्त पकडतं, पण उगाच घाबरवतंही जास्त.

तरी एक गोष्ट पटते. तुमच्या गावातल्या कबड्डीपटूचं ऑपरेशन ठरलं, तर आधीच त्याचा चांगला पाय लेग एक्स्टेन्शनवर किती किलो उचलतो ते वहीत लिहून ठेवा. नंतर व्यायाम दोन्ही पायांना, वेगवेगळा. आणि पेपरमध्ये टक्केवारी दिसली, की आधी विचारा: छेदात काय आहे?