शंखातला राजपुत्र

परद्वीपाहून येणाऱ्या गलबतांकडून सोन्याचा कर घेत, असे खारेपाटणचा १००८ सालचा शिलाहार ताम्रपट सांगतो. आज इथल्या शाळेत इंग्रजीच्या तासाला परदेशी कथा आली, तर तिच्याकडून आपण ‘तात्पर्य’ नावाची जकात मागू नये. थायलंडची ‘सांग थोंग’च घ्या. शंखात जन्मलेला राजपुत्र आई नसताना बाहेर येऊन घरकाम करतो. आईला ते कळते आणि ती शंखच फोडते. पुढे तो आपली सोन्याची काया कुरूप कातड्याखाली लपवतो. रोचना मात्र आतले सोने ओळखते. मुलांना एवढेच विचारावे: आईने शंख का फोडला? उत्तर मालवणीत आले तरी अडवू नये. मोडके इंग्रजी हे वरचे कातडे. रोचनेची नजर मास्तरांपाशी हवी.