वैद्यापुढील कैफियत आणि पारलिंगी आत्मकथने

मराठी वाचकाला आत्मकथनाचे सामर्थ्य उमगले ते दलित साहित्यामुळे. या आत्मकथनांत शाळेला विशेष स्थान आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शाळेच्या दप्तरात बापाचे नाव कोणते लावायचे, हा वरवर साधा प्रश्न निवेदकाच्या अस्तित्वाचाच प्रश्न होऊन बसतो. संस्थेच्या कागदावरील रिकामी जागा आणि माणसाचे सत्य यांचा तो सामना आहे. गेल्या दोन दशकांत भारतीय भाषांत आलेल्या पारलिंगी व्यक्तींच्या आत्मकथनांत हाच सामना डॉक्टरच्या खोलीत घडतो. म्हणून या खोलीतील प्रसंगाकडे केवळ तपशील म्हणून न पाहता त्या आत्मकथनांच्या घडणीची किल्ली म्हणून पाहणे उचित ठरेल.

घर सोडता येते, गाव सोडता येते. डॉक्टरला मात्र टाळता येत नाही. देहावर शस्त्र चालवण्याचे कौशल्य त्याच्याकडे असते आणि दाखला देण्याचा अधिकारही त्याच्याचकडे. आईजवळ मन मोकळे करताना मायेची आशा असते. डॉक्टरपुढे मात्र स्वतःविषयी साक्ष द्यावी लागते आणि निवाड्याची वाट पाहावी लागते. आत्मप्रकटीकरणाचे येथे कैफियतीत रूपांतर होते.

लिव्हिंग स्माइल विद्या यांच्या ‘नान, सरवणन विद्या’ (२००७) या तमिळ आत्मकथनाचा आरंभच कडप्पा येथील शस्त्रक्रियेने होतो. विद्या या तंजावरच्या तमिळ विद्यापीठातून भाषाशास्त्रात एम.ए. झालेल्या. पुण्यात हिजडा समुदायात राहून आणि रेल्वेगाड्यांत भीक मागून त्या ‘निर्वाणा’पर्यंत पोहोचल्या. भाषा हाच जिच्या अभ्यासाचा विषय, तिला आयुष्यातील सर्वांत निर्णायक क्षणी बोलण्याची संधीच नाही, ही या प्रसंगातील विदारक विसंगती होय. त्या टेबलावर येणारा प्रत्येक जण कशासाठी आला आहे, हे तेथे आधीच ठाऊक असते. त्यामुळे कोणी काही विचारत नाही. भूल दिलेली असूनही मन जागे असते आणि त्या जागेपणाची नोंद घेणारे कोणी नसते. डॉक्टरला येथे हात आहेत, कान नाहीत.

ए. रेवती यांच्या ‘द ट्रुथ अबाउट मी’मध्ये (२०१०) दिंडिगल येथील शस्त्रक्रियेचा असाच अनुभव आहे. परंतु रेवती त्यानंतरच्या चाळीस दिवसांना आणि चाळिसाव्या दिवशीच्या विधीला मोठे महत्त्व देतात. वेदना दवाखान्याने दिली, तिचा अर्थ मात्र हिजडा घराण्याने लावला. वैद्यकाने जे ऐकले नाही, ते परंपरेने ऐकले. या परंपरेचा काच आणि तिच्यातील उतरंडही रेवती लपवत नाहीत, म्हणून त्यांच्या निवेदनाला विश्वसनीयता लाभते.

या मुकेपणाची कारणे केवळ व्यक्तिगत नव्हती. भारतीय दंडसंहितेच्या ३२० व्या कलमात पुंसत्वहरण हे जबर दुखापतीच्या प्रकारांत पहिले गणले होते. संमतीने केलेल्या शस्त्रक्रियेलाही ते लागू पडेल काय, या धास्तीमुळे बराच काळ हे काम आडोशाने चालले. जे आडोशाने चालते त्याचा केस पेपर नीट राहत नाही. आणि कागद नसला की नव्या नावाला आधार राहत नाही. विद्या यांचा नावबदलासाठीचा पुढचा झगडा या पार्श्वभूमीवर वाचायला हवा.

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ (२०१२) या मराठी आत्मकथनात चित्र निराळे दिसते. बालपणी दम्याने बेजार झालेले हे मूल आजारपणातच वाढते. आपण विकृत आहोत काय, या प्रश्नाचे आश्वासक उत्तर मात्र त्याला दवाखान्यात मिळत नाही. ते अशोक राव कवी या चळवळीतील कार्यकर्त्याकडून मिळते. श्वासाचा आजार सांगता येतो. ‘मी कोण’ हे सांगण्याची जागा दवाखान्याबाहेर शोधावी लागते.

डॉक्टर जेथे प्रश्न विचारतो, तेथे तरी सत्य बोलता येते काय? अमेरिकेत हॅरी बेंजामिन यांचा या विषयावरील ग्रंथ १९६६ साली आला. पुढे दवाखान्यांत येणारे रुग्ण त्याच ग्रंथातील नमुन्याबरहुकूम आपली कहाणी सांगू लागले, याकडे सँडी स्टोन यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात लक्ष वेधले. उपचार मिळावेत म्हणून रुग्ण डॉक्टरला हवी ती गोष्ट सांगतो आणि डॉक्टर तिलाच लक्षण समजतो. मौन आणि पढवलेली कैफियत या एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरतात.

आत्मकथन जन्माला येते ते या कोंडीतून. डॉक्टरने न ऐकलेली किंवा वाकवून ऐकलेली कहाणी येथे पुन्हा सांगितली जाते. तीही ऐकणाऱ्याशिवाय सिद्ध होत नाही. रेवती यांचे लेखन व्ही. गीता यांच्या इंग्रजी अनुवादातून आधी वाचकांपुढे आले, मूळ तमिळ पुस्तक त्यानंतर. लक्ष्मी यांच्या कथनाचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले. अनुवादक आणि शब्दांकनकार हे या अर्थाने डॉक्टरने नाकारलेल्या श्रोत्याची जागा भरून काढतात. मात्र तेही निवड करतात, क्रम लावतात. म्हणून कथनाचा आवाज नेमका कोणाचा, हा प्रश्न समीक्षेने सोडून देता कामा नये.

दरम्यान व्यवस्थेची भाषा पालटली आहे. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिंगभावाच्या स्वनिर्णयाला मान्यता दिली. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात ही अवस्था मनोविकारांच्या प्रकरणातून वगळली गेली. मद्रास उच्च न्यायालयातील खटल्यानंतर, २०२१ साली, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतील अवमानकारक मजकूर टाळण्याची सूचना केली. पुस्तकातील शब्द बदलणे हे ऐकण्याच्या दिशेने टाकलेले पहिले पाऊल होय. ऐकणे त्यापुढे उरतेच.

आणि ते केवळ डॉक्टरकडून उरते असे नाही. ही पुस्तके हाती घेणारा वाचकही पुष्कळदा शस्त्रक्रियेचे प्रकरण आधी शोधतो. विद्या यांनी ते आरंभीच ठेवले आहे. हेतू कोणताही असो, त्याचा परिणाम असा होतो की वाचकाचे कुतूहल पहिल्याच पानांत शमते आणि पुढील सारे पुस्तक एका माणसाचे आयुष्य म्हणून वाचावे लागते. तसे वाचणे ज्याला जमेल, त्याच्यापुढे ही कैफियत कैफियत राहणार नाही.